मशीनने बरोबर ऐकलं, तरी काय?

गोळीबार ऐकणाऱ्या मशीनवरनं जी भांडणं चाललीत ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या सोलापूरच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेतला व्हिडिओ टाकला. खांबांवर, गच्चीवर माइक बसवलेत, कुठं गोळी सुटली की मिनिटाच्या आत पोलिसांच्या मोबाइलवर नकाशा आणि त्यावर लाल ठिपका. झालं, दोन दिवस दुसरा विषय नाही. एक पार्टी म्हणते आपल्याकडं पण बसवा, ज्याला काही लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला. दुसरी म्हणते काय बे, इथं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय आणि तुम्ही खांबाला माइक लावायला निघालात. मला दोन्ही पार्ट्या चुकीच्या जागी भांडताना दिसतात. माझं म्हणणं आधीच सांगतो: सोलापूरनं हे विकत घेऊ नये, महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या शहरानंही घाई करू नये, आणि मशीन चुकतं म्हणून मी हे म्हणत नाही. उद्या ते शंभर टक्के बरोबर ऐकायला लागलं तरी माझा विरोध राहील, कारण आवाजाची जागा कळली म्हणजे गोळी झाडणारा कळला असं होत नाही आणि मधे जी मोकळी जागा राहते तिथं मग अख्ख्या वस्तीवर संशय जातो.

पाण्याचा मुद्दा आधी संपवू. शहरात पाणी नीट येत नाही म्हणून पोलिसांनी काही नवीन घ्यायचंच नाही, हे मला पटत नाही. मग सीसीटीव्ही पण नको, फॉरेन्सिक लॅब पण नको, ११२ पण नको. दोन्ही गोष्टी लागतात, दोन्हींची खाती वेगळी, पैसे वेगळे. टाळ्या मिळतात या युक्तिवादाला, पण समोरच्याचं काहीच खोडून निघत नाही.

आता हे मशीन काय करतं ते बघू. कॅलिफोर्नियातली शॉटस्पॉटर ही १९९६ सालची कंपनी या धंद्यात सगळ्यात मोठी, २०२३ मध्ये तिनं नाव बदलून साउंडथिंकिंग केलं. एका चौरस मैलात वीसेक माइक. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे जवळच्या माइकला आधी आणि लांबच्याला नंतर पोचतो, त्या फरकावरनं जागा काढायची. भूकंपाचं केंद्र शोधतात तसलाच हिशोब. मग कंपनीच्या ऑफिसात बसलेला माणूस क्लिप ऐकतो, गोळी आहे का फटाका ते ठरवतो, आणि अलर्ट सुटतो. ही आयडिया काही आजची नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य जर्मन तोफा कुठं लपल्यात ते असंच माइकवरनं शोधत होतं आणि ते काम बसवणारा लॉरेन्स ब्रॅग, त्याला १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा तो याच कामात गुंतलेला होता. पण तिथं एक सोय होती. आघाडीच्या पलीकडं जो कोण असेल तो शत्रूच, त्यामुळे तोफेची जागा कळली की काम संपलं, पुढं फक्त गोळा टाकायचा. शहरात तसं नसतं ना. ठिपका पडला तिथं गोळी झाडणारा कदाचित असेल, कदाचित निघून गेला असेल, पण शेजारची म्हातारी, रात्रपाळीवरनं परतणारा कामगार, टपरी बंद करणारा पोरगा हे नक्की असतील. युद्धातलं यंत्र गल्लीत आणलं की हा फरक सगळ्यात आधी विसरला जातो.

आता बाजूनं बोलणाऱ्यांचे जे खरे मुद्दे आहेत ते मी टाळणार नाही. पहिला आणि सगळ्यात जोरदार: लोक फोनच करत नाहीत. २०१६ मध्ये जिलियन कार आणि जेनिफर डोलियक या दोन अर्थतज्ज्ञ बाईंनी वॉशिंग्टन आणि ओकलंडचा डेटा बघितला, तर गोळीबाराच्या फक्त १२ टक्के घटनांत कुणी पोलिसांना आवाजाचा फोन केला होता. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी वेळा सगळे गप्प. दुसरा मुद्दा जखमीचा: गोळी लागून एखादा रस्त्यावर पडलाय, कुणी फोन केला नाही, तर मशीनमुळे गाडी पाच मिनिटं आधी पोचून जीव वाचू शकतो. ह्यावर टिंगल करणाऱ्यांना मी विचारेन, पडलेला माणूस तुमचा भाऊ असता तर? तिसरा आपल्या जवळचा: १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र, वांद्र्यात बाबा सिद्दिकींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आजूबाजूला फटाके वाजत होते. भर वस्तीत फटाक्यांच्या आवाजाखाली खून होतो, मग गोळी आणि फटाका वेगळा ओळखणारं यंत्र नको कसं म्हणता?

बारा टक्क्यांपासून सुरू करू. तो आकडा मला विचार करायला लावतो, पण त्यात एक गोम आहे. गोळीबाराच्या एकूण घटना किती, हे मोजलं कशावरनं? त्याच मशीनच्या नोंदींवरनं. मशीननं जितके फटाके आणि गाड्यांचे सायलेन्सर गोळी म्हणून धरले असतील तितके लोक "गप्प बसले" असं आपोआप दिसणार. तरी सोडून द्या, लोक कमी फोन करतात हे मी मानतो, आपल्याकडं तर अजूनच कमी करतील. पण का करत नाहीत? ऐकू येत नाही म्हणून? ऐकू येतं हो सगळ्यांना. फोन केला की नाव नंबर जातो, मग पंच म्हणून सही कर, मग जबाब दे, मग चार वर्षांनी समन्स येतं, कामावर खाडा करून कोर्टात जा, तिथं तारीख मिळते, आणि ज्याच्या विरुद्ध साक्ष द्यायची तो बाहेरच्या बाकावर बसून आपल्याकडं बघत असतो. साक्षीदार फितूर झाला म्हणून पेपरात बातमी येते, तो का झाला त्याची येत नाही. साक्षीदार संरक्षणाची योजना सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच मान्य केली, नव्या फौजदारी संहितेत पण कलम आहे, पण आपल्या पेठेतल्या किती जणांना ती माहीत आहे ते विचारून बघा. मशीन ह्यातलं काहीच दुरुस्त करत नाही. माणूस बोलत नाही ना, मग खांबाला विचारतो, एवढंच. आणि खांब ओळख परेडला येत नाही.

आता अचूकपणा. कंपनी ९७ टक्के सांगते. हा आकडा कसा निघतो? अलर्ट चुकीचा होता अशी तक्रार पोलिसांनी केली तर ती चूक, तक्रार नाही आली तर बरोबर. आता मला सांगा, रात्री दोनला गाडी घेऊन गेले, काही सापडलं नाही, परत आले, ह्याची तक्रार कंपनीकडं लिहीत बसणारे किती? कुणी दार वाजवलं नाही म्हणून परीक्षेत पास, असलं हे. शिकागोच्या इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसनं (हा पोलिसातला आयजी नव्हे, शहराच्या कारभारावर नजर ठेवणारं खातं) २०२१ मध्ये दुसऱ्या टोकाकडनं मोजलं: सतरा महिन्यांतले ५०,१७६ अलर्ट, त्यातल्या फक्त ९.१ टक्क्यांत बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा मिळाला. न्यूयॉर्कच्या कंट्रोलरनं, म्हणजे शहराचे हिशोब तपासणाऱ्यानं, २०२४ मध्ये ऑडिट केलं, नमुन्याच्या महिन्यांत नक्की गोळीबार ठरलेले अलर्ट ८ ते २० टक्क्यांच्या मधेच. विरोधक हे आकडे नाचवतात आणि म्हणतात बघा, ९१ टक्के खोटं. नाही, हे पण चूक आहे. पुरावा मिळाला नाही म्हणजे गोळी सुटली नाही असं नसतं. रिव्हॉल्व्हरमधनं गोळीची रिकामी पुंगळी खाली पडतच नाही, पिस्तुलाची पडली तर कुणी उचलून नेतो, झाडणारा पळून जातो. कंपनीचं हे उत्तर मला मान्य आहे. फक्त ह्याचा अर्थ कंपनीला परवडणारा नाही, कारण मग दहातल्या नऊ वेळा गोळी सुटली का नाही हे कुणीच सांगू शकत नाही, पोलीस पण नाही, कंपनी पण नाही. आणि ज्याची खात्री करताच येत नाही त्याच्या जोरावर बंदूक काढून धावत जायचं?

धावत गेल्यावर काय होतं ते पण शिकागोतच बघा. २०२१ च्या मार्च महिन्यात मध्यरात्रीनंतर अलर्ट आला, तो अगदी बरोबर होता, खरंच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पोलीस पोचले, पळणाऱ्या १३ वर्षांच्या पोराच्या मागं लागले, त्याच्या हातात क्षणभर आधी पिस्तूल होतं हे व्हिडिओत दिसतं, आणि ते टाकून त्यानं हात वर केले त्याच क्षणी त्याला गोळी लागली. पोलिसावर खटला भरला गेला नाही. २०२४ च्या जानेवारीत उलटं झालं. अलर्ट आला, पोलीस गेले, तिथं एक पोरगा फटाका लावत होता, त्याच्यावर गोळी झाडली गेली. नशीब, लागली नाही. एकदा मशीन बरोबर, एकदा चूक, आणि दोन्ही वेळा अंधारात पोचलेल्या पोलिसाला आधीच सांगून ठेवलेलं होतं की समोर बंदूकवाला आहे. म्हणून मी म्हणतो की ९७ का ९ ह्या भांडणात जीव नाही. त्याच शहरात ६५ वर्षांचा एक माणूस खुनाच्या आरोपात जवळपास वर्षभर जेलमध्ये होता, केसमध्ये ह्या मशीनचा पुरावा महत्त्वाचा होता, आणि २०२१ च्या जुलैत सरकारी वकिलांनीच पुरावा अपुरा म्हणून केस सोडली. वर्ष कोण परत देणार?

पण त्या इन्स्पेक्टर जनरलच्या रिपोर्टातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट आकड्यात नाहीच. त्यांना असं दिसलं की काही पोलीस एखाद्याला थांबवून झडती घ्यायला कारण म्हणून लिहितात, ह्या भागात अलर्ट फार येतात. त्या रात्रीचा अलर्ट नाही हं, एकूणच "ह्या भागात". म्हणजे तुम्ही काय केलं ते नाही, तुम्ही कुठं उभे आहात ते कारण. आणि अलर्ट फार का येतात? माइक तिथंच लावलेत म्हणून. २०२४ मध्ये माइकच्या जागांची यादी फुटली, पंचवीस हजारांवर माइक, आणि ज्या वस्त्यांत ते होते तिथले जवळपास ७० टक्के रहिवासी काळे नाहीतर लॅटिनो निघाले.

सोलापूरकराला हे ऐकून काही आठवत नसेल तर आश्चर्य आहे. आपल्याकडं सेटलमेंट नावाचा भाग आहे, रोज रिक्षावाल्याला सांगतो आपण, सेटलमेंटला चल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्यात पुढं पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळेला हजेरी, बाहेर जायचं तर पास. तेव्हाच्या साहेबांची कागदपत्रं वाचली तर त्यात क्रूरपणा शोधून सापडत नाही, उलट सुधारणा, शाळा, रोजगार हेच शब्द. त्यांना मनापासून वाटत होतं की चोऱ्या कमी होतील आणि ह्या लोकांचं पण भलं होईल. युक्तिवाद तोच होता, गुन्हे ह्याच लोकांत जास्त होतात, आकडे बघा. आकडे कसे तयार होतात? ज्याची रोज हजेरी घेता त्याचीच गैरहजेरी सापडते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं तो शिक्का पुसला, तारीख विमुक्त दिन म्हणून पाळतो आपण. पण आजही शहरात घरफोडी झाली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर जीप जाते हे सांगायला नको. उद्या माइक आले तर ते होटगी रोडच्या बंगल्यांच्या बाजूनं लागतील असं वाटतं का कुणाला? कुठल्या वस्तीत लागतील हे टेंडर निघायच्या आधीच तुम्ही मी दोघं सांगू शकतो. फरक इतकाच, कुंपण दिसायचं तरी.

माइक सगळं बोलणं ऐकत बसेल, घरातलं भांडण रेकॉर्ड होईल, ही भीती मात्र मी दुय्यम धरतो. अमेरिकेत एक-दोन केसेसमध्ये रस्त्यावरचं ओरडणं रेकॉर्ड होऊन कोर्टात आलं हे खरं, पण यंत्र मुळात मोठ्या स्फोटासारख्या आवाजावर जागं होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या खिशातला मोबाइल त्याच्यापेक्षा जास्त ऐकतो.

फटाक्यांचं सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येत नाही. अमेरिकेत ४ जुलै आणि ३१ डिसेंबर असे दोन-तीन दिवस फटाके वाजतात, तेवढ्यासाठी कंपनीला वेगळी चाळणी लावावी लागते. सोलापुरात कुठला दिवस बिनफटाक्याचा, ते आधी सांगा. जानेवारीत गड्डा यात्रा, होम मैदानावर शोभेचं दारूकाम, मग जयंत्या, मग लग्नसराई, मधे क्रिकेटची मॅच, गणपती, दिवाळी, आणि वर्षभर रात्री बाराला कुणाच्या ना कुणाच्या भाऊंचा वाढदिवस. त्यात बुलेटचे ते फाट्-फाट् करणारे सायलेन्सर, जे पोलीस मधेमधे रोडरोलरखाली चिरडतात आणि पुढच्या आठवड्यात परत वाजतात. सणाच्या रात्री चाळणी घट्ट केली तर खरी गोळी पण निसटणार, सैल ठेवली तर कंट्रोल रूम वेडी होणार. म्हणून सिद्दिकींचं उदाहरण उलटंच पडतं: गोळी फटाक्यात लपवायची वेळ मारेकरी निवडतो तीच वेळ यंत्राची सगळ्यात कच्ची असते. त्या रात्री दोघं लगेच सापडले ते तिथं हजर असलेल्या पोलिसांमुळे. आणि गंमत बघा, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हा नियम २००० सालापासून आहे, तो मोडणारा डीजे कुठं वाजतोय हे शोधायला कुठल्याच माइकची गरज नाही, खिडक्या थरथरतात, तरी तिथं गाडी यायला किती वेळ लागतो ते ज्यानं त्यानं आठवावं.

शिवाय आपल्याकडची मारामारी बघा. कोयता, तलवार, दगड, लोखंडी पाइप. कोयत्याचा आवाज कुठल्या माइकला येणार? गावठी कट्टे सापडतात, सापडत नाहीत असं मी म्हणत नाही, पण ज्या शहरांसाठी हे यंत्र बनलं तिथं एका वस्तीत एका रात्री चार ठिकाणी गोळ्या सुटतात. तिथंसुद्धा काय साधलं? कॅन्सस सिटीचा अभ्यास सांगतो पुंगळ्या जास्त सापडल्या, गोळीबार काही घटला नाही. ६८ मोठ्या काउंट्यांचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा, १९९९ ते २०१६ चा डेटा बघितला, खून पण घटलेले दिसले नाहीत, अटका पण वाढलेल्या नाहीत. शिकागोनं सप्टेंबर २०२४ मध्ये कंत्राट संपवलं, त्यानंतर खून वाढले नाहीत, २०२५ मध्ये तर घटले. आता हे सगळ्या अमेरिकेतच घटत होते, त्यामुळे माइक काढल्यानं खून कमी झाले असलं काही मी सांगणार नाही. पण माइक काढले तर रक्ताचे पाट वाहतील असं जे सांगत होते त्यांनी तरी आता बोलावं.

आणि किंमत. अमेरिकेत चौरस मैलाला वर्षाला साधारण ६५ ते ९० हजार डॉलर. सोलापूरचे फक्त दहा चौरस मैल घेतले आणि खालचा दर धरला तरी साडेसहा लाख डॉलर, म्हणजे साडेपाच-सहा कोटींच्या आसपास, दरवर्षी, कारण यंत्र विकत मिळत नाही, वर्गणी भरायची असते. इथं स्वस्तात कुणीतरी बनवून देईल, मान्य. पण चौकातले कॅमेरे उद्घाटनाला चालू आणि गुन्ह्याच्या दिवशी बंद, हा अनुभव असलेल्या लोकांना देखभालीचा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

तरी जखमीचा मुद्दा उरतोच, तो मी खोडलेला नाही, खोडता येत नाही. म्हणून इतकंच म्हणतो, कुणाला हे यंत्र खरंच जीव वाचवायला आणायचं असेल तर अलर्ट १०८ ला पण त्याच सेकंदाला जाऊ दे, आणि किती जखमी सिव्हिलला किती मिनिटं आधी पोचले ते दर महिन्याला छापा. अलर्ट किती, सापडलं किती, झडत्या किती जणांच्या घेतल्या आणि कुठल्या वस्तीत, हे पण छापा. सहा महिन्यांची चाचणी, शेवटची तारीख आधी ठरलेली, नापास झालं तर काढून टाकायचं. आणि निव्वळ अलर्टवर कुणाची झडती किंवा अटक होणार नाही हे लेखी. ह्या अटींवर एखादी कंपनी आली तर मी परत विचार करीन. मात्र विकणाऱ्याला पहिली अट नको असते ती छापण्याची, न्यूयॉर्कच्या कंट्रोलरनं पण पोलिसांना हेच सांगितलं होतं की नीट डेटा छापा.

मग पोलिसांनी तोवर काय करायचं, असं विचारतील. कट्टा काही सोलापुरात उगवत नाही. महाराष्ट्रात पकडलेल्या पिस्तुलांचा माग परत परत मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांपर्यंत जातो, तिथनं एसटीत, ट्रॅव्हल्सच्या डिकीत, मोटारसायकलवर तो खाली येतो, इथं कुणाच्या तरी घरात महिना महिना पडून राहतो, आणि त्या सगळ्या प्रवासात एकदाही आवाज करत नाही. तो पकडायला खबऱ्या लागतो, गुन्हे शाखेत माणसं लागतात, आणि वस्तीत एखादी बाई अशी लागते जी हवालदाराला नावानं ओळखते आणि हळूच सांगते की दादा, शेजारच्या खोलीत काहीतरी आणून ठेवलंय. तिच्या वस्तीवर आधी ठिपके मारून, तिच्या पोराची चौकात झडती घेऊन झाल्यावर ती सांगायला येईल का, हे ज्यांना माइक हवेत त्यांनी मला समजावून सांगावं.